बंधाऱ्यावर अडलेले मासे तलावापर्यंत कसे पोचवायचे? (पूर्व विदर्भ: नाला, मोरी, मामा तलाव)

चुलबंदकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडे. गावचा नाला चुलबंद नदीला मिळतो. संगमापासून वर निघालं की ४०० मीटरवर रस्त्याची पाइप मोरी, ११०० मीटरवर पहिला सिमेंट बंधारा, २३०० मीटरवर दुसरा. त्याच्या वर दीडेक किलोमीटरवर १८ हेक्टरचा मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि त्याची सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी जायची सांडवाट, याच नाल्यात उतरते.

मापं: मोरीत ६०० मिमीचे दोन पाइप, लांबी ६ मीटर, खालच्या तोंडाशी पाणी पाऊण फूट खाली पडतं. पहिला बंधारा खालच्या पात्रापासून १ मीटर उंच, तिथे नाला ६ मीटर रुंद. दुसरा १.४ मीटर उंच, रुंदी तेवढीच.

शिवडा, मरळ, मागूर, वाम हे मासे पहिल्या पुरात वर चढून थेट धानाच्या बांध्यांपर्यंत जात. आता मृग-आर्द्रात भिंतीच्या पायथ्याशी त्यांची गर्दी होते आणि तिथेच ते पकडले जातात. तलावात मच्छीमार सोसायटीनं सोडलेले रोहू-कतला आणि चिलापी (तिलापिया) एवढंच उरलंय. तलावाची कड बेशरमाच्या झुडपांनी भरली आहे.

अमेरिकेत सॅमनसाठी लोकांनी नद्या-ओढे पुन्हा उभे केले, त्यावर गावच्या गटात बोलणं चाललंय. त्यातलं आपल्या नाल्याला काय लागू पडतं? सुरुवात कुठून करायची? बंधाऱ्यातून एक पाइप आरपार काढला तर भागेल का? आणि या उन्हाळ्यात नाला खोलीकरणाचं काम येतंय, ते होऊ द्यावं की नाही? बंधाऱ्यांचं पाणी आजूबाजूच्या विहिरींना लागतं, त्यामुळे ते तोडायचा विषयच नाही.

---

पाणलोट_नोंदवही

मापं घेऊनच प्रश्न विचारलात हे फार चांगलं झालं.

आधी सॅमनचं, म्हणजे काय उचलायचं आणि काय सोडायचं ते कळेल. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. मादी शेपटीनं खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. खडीच्या फटींतून गार, स्वच्छ पाणी खेळत राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. वरच्या शेतातून, जंगलरस्त्यावरून बारीक गाळ आला की फटी बुजतात आणि अंडी जागीच मरतात. म्हणून तिकडचं सगळं काम अडथळे काढणं, गाळ वरच अडवणं आणि काठाला झाडं लावून पाणी गार ठेवणं यांभोवती फिरतं.

आपले मासे वेगळे. तुम्ही सांगितलेल्यांपैकी एकही समुद्रात जात नाही. मरळ पाणगवतात घरटं करून पिलांची राखण करते. मागूर आणि शिवडा पुराचं पाणी पसरलेल्या उथळ जागी, बांध्यांत अंडी घालतात. त्यांना खडीपेक्षा पुराचं ताजं पाणी, गवत आणि तिथवरची मोकळी वाट हवी. खडी आणि वाहतं पाणी महसीरला लागतं, तो विषय मेळघाटातला. पण 'वाट आधी, बीज (सोडायची माशांची पिलं) नंतर' हा धडा दोन्हीकडे एकच. शिवडा तर आता जागतिक यादीतही धोक्यातला मासा म्हणून नोंदलेला आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर ३३ आणि ६४ मीटर उंचीची दोन धरणं होती आणि मासे चढायला त्यांत काहीच सोय नव्हती. २०११ ते २०१४ मध्ये ती काढली. लोअर एल्व्हा क्लालम या तिथल्या मूळ रहिवासी समाजानं त्यासाठी कित्येक वर्षं रेटा लावला होता. धरणं गेल्यावर सॅमन पुन्हा वरच्या पात्रात पोचले. यातली कमी सांगितली जाणारी बाजू अशी की त्याच समाजानं त्या नदीतली स्वतःची मासेमारीही थांबवून ठेवली आणि २०२३ मध्ये ती मर्यादित प्रमाणात उघडली. वाट मोकळी करायची आणि त्याच वाटेवर जाळं लावायचं, हे एकत्र चालत नाही.

आता क्रम. खालून वर यायचं: मोरी, पहिला बंधारा, दुसरा बंधारा, मग सलंग. दुसऱ्या बंधाऱ्यावर कितीही सुंदर काम केलं तरी पहिल्याखाली अडकलेल्या माशाला त्याचा काहीच उपयोग नाही. निधी मात्र बहुतेक वेळा दिसायला मोठं असलेल्या वरच्या कामाला मिळतो, म्हणून ग्रामसभेच्या ठरावातच हा क्रम लिहून घ्या.

आणि मासे अडथळ्याखाली किती जमतात त्याची नोंद याच पावसाळ्यापासून सुरू करा. तारीख, आदल्या रात्रीचा पाऊस, भिंतीवरून किती सेंटीमीटर पाणी चाललंय, कोणते मासे दिसले, बस. कामाआधीचं एक तरी वर्ष हाताशी नसेल तर पुढे फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

---

दगडमाती

बंधारा न तोडता वाट करायची तर खालच्या बाजूनं दगडी उतार चढवा. बंधाऱ्यातून आरपार पाइप काढू नका, त्याचं कारण मोरीच्या हिशोबात येईलच.

उताराचं गणित साधं आहे. पाणी १ मीटरवरून पडलं की खाली सेकंदाला ४.४ मीटरचा वेग येतो. १० सेंटीमीटरवरून पडलं तर १.४ मीटर. लहान मासा झटका मारून सेकंदाला साधारण आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापतो आणि तेही काही क्षणच. म्हणजे वीतभर मासा १० सेंटीमीटरची पायरी चढेल, २० ची बहुधा नाही. म्हणून प्रत्येक पायरी १० सेंटीमीटर, दोन पायऱ्यांत २ मीटर अंतर, म्हणजे उतार २० ला १. तुमच्या १ मीटर भिंतीला दहा पायऱ्या आणि २० मीटर लांबी.

दगड: अर्धा × २० × १ × ६ = ६० घनमीटर, म्हणजे साधारण २१ ब्रास. पायथ्याचा चर आणि पायऱ्यांचे मोठे दगड धरून २५ ब्रास मागवा. दुसऱ्या बंधाऱ्याला उंची जेमतेम दीडपट असली तरी लांबी २८ मीटर होते आणि भराव ११८ घनमीटरवर, म्हणजे ४२ ब्रासच्या आसपास जातो. तिथे काठानं जागा मिळत असेल तर भिंतीला वळसा घालून २० ला १ उताराची दगडी नाली काढणं स्वस्त पडेल. तिचं खालचं तोंड मात्र भिंतीच्या अगदी पायथ्याशी आणा.

यावर जरा थांबतो, कारण बहुतेक ठिकाणी काम इथेच फसतं. मासा प्रवाहाला तोंड करून जितकं वर जाता येईल तितकं जातो आणि भिंतीला टेकून थांबतो. पैसे वाचवायला उतार फक्त एका काठाला, दोन-अडीच मीटर रुंद केला, तर त्याची सुरुवात भिंतीपासून २० मीटर खाली येते. मासे तिच्या बाजूनं पुढे निघून जातात, भिंतीशी जमतात आणि मागे फिरून वाट शोधत नाहीत. ६ मीटरच्या नाल्यात उतार पूर्ण रुंदीचाच करा.

बांधणी अशी. उतार जिथे संपतो तिथे आडवा चर, १ मीटर खोल, त्यात सगळ्यात मोठे दगड. तो नसेल तर पूर खालून पोखरत वर येतो आणि दोन पावसांत उतार वाहून जातो. मग १५ ते ३० सेंटीमीटरच्या दगडांचा भराव, एका वेळी ३० सेंटीमीटरचाच थर, आणि प्रत्येक थरात गिट्टी, मुरूम आणि चिकणमाती भरून, पाणी मारून ठोकायचं. हे टाळलं की पाणी दगडांच्या पोटातून निघून जातं. वरून उतार कोरडा, खालून झुळझुळ आवाज, आणि मासा आहे तिथेच.

पायऱ्यांसाठी ५० ते ६० सेंटीमीटरचे दगड घ्या. यांचं वजन दीड-दोनशे किलोच्या पुढे असतं, पोकलँडशिवाय ते बसत नाहीत. अर्धा दगड भरावात गाडा. ओळ सरळ न ठेवता कमानीसारखी, फुगवटा वरच्या बाजूला, म्हणजे पुराच्या दाबानं दगड एकमेकांत घट्ट बसतात. दोन दगडांत १५ ते २० सेंटीमीटरच्या फटी ठेवा आणि एका ओळीतली फट पुढच्या ओळीतल्या फटीसमोर येऊ देऊ नका. दोन ओळींमधला खळगा किमान ३० सेंटीमीटर खोल हवा, मासा तिथे दम घेतो. उतार दोन्ही काठांकडे थोडा उंच आणि मध्ये खोलगट ठेवा.

भिंतीचा माथा सपाट असेल तर पाणी ६ मीटरभर बोटभर जाडीनं पसरतं, त्यातून मासा जात नाही. भिंत कापायची गरज नाही. मधला १ मीटर मोकळा सोडून दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर काँक्रीट चढवा. सेकंदाला सुमारे १०० लिटरपर्यंतचं पाणी त्या खिडकीतूनच जाईल. त्याआधी काठ तेवढा उंच आहे का आणि मोठ्या पुरात पाणी बाजूच्या बांधीत शिरेल का, हे पाहून घ्या.

गॅबियनच्या (दगड भरलेल्या तारेच्या) जाळ्या उताराच्या तोंडावर उघड्या ठेवू नका. तार तुटली की तिची टोकं माशांना फाडतात.

---

चुलबंदकाठ

२५ ब्रास दगड मिळेल, टेकडीकडचा. मोरीचं काय? रस्ता दुसऱ्या यंत्रणेचा आहे, पाइप बदलायला ते लवकर तयार होणार नाहीत.

---

दगडमाती

मोरीला हात न लावताही बरंच करता येतं.

पाइपाची अडचण आधी समजून घ्या. ६०० मिमीचा सिमेंट पाइप शंभराला एक उतारावर अर्धा भरून वाहिला तर आत वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो. आतून गुळगुळीत, ६ मीटरमध्ये टेकायला एक खडा नाही. वीतभर मासा त्यात मागेच लोटला जातो. वर तुमच्याकडे बाहेरच्या तोंडाशी पाऊण फुटाची पड, म्हणजे त्याला आत शिरताच येत नाही. बंधाऱ्यातून पाइप काढला तर हेच होईल, शिवाय पहिल्याच पुरात पालापाचोळ्यानं तोंड बुजेल.

तेव्हा पाइप आहे तसा ठेवून खालचं पाणी वर उचला. पाइपाच्या तोंडापासून खाली ३, ६, ९ आणि १२ मीटरवर अशाच कमानीच्या दगडी ओळी टाका. सगळ्यात खालची नाल्याच्या तळापेक्षा १० सेंटीमीटर उंच, त्यावरची तिच्यापेक्षा १० नं उंच, असं करत पाइपाजवळच्या ओळीचा माथा पाइपाच्या तळापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर वर आणायचा. मग पाणी मागे तुंबून पाइपात शिरतं, पड नाहीशी होते आणि आतला वेगही बराच उतरतो. दोन पाइपांपैकी एकाचं वरचं तोंड किंचित खाली असेल तर सौम्य पाण्यात तोच वाहता राहतो, मासे त्याच पाइपानं जातील. तो कायम साफ ठेवा.

एक पथ्य पाळा. ओळी इतक्या उंच करू नका की पाइपाची अर्ध्याहून जास्त वाट तुंबेल, नाहीतर पुरात पाणी रस्त्यावरून जाईल आणि दोष तुमच्या दगडांना लागेल.

रस्ता पुन्हा बांधायला निघेल तेव्हा स्लॅबची मोरी मागा: रुंदी नाल्याएवढी आणि तळ पात्राच्या ३० सेंटीमीटर खाली, म्हणजे त्यावर नैसर्गिक वाळू-गोटे बसतात. सॅमनच्या मुलखात अशाच मोऱ्यांवरून तिथल्या मूळ रहिवासी समाजांनी वॉशिंग्टन राज्याला कोर्टात खेचलं होतं आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला. रस्त्याची मोरी हा किरकोळ अडथळा नाही, एवढं त्यावरून लक्षात घ्या.

---

तुडूम

वाट झाली, मासे तलावात पोचले, पण तिथे अंडी घालायला जागाच नसेल तर? मामा तलावांवर इथल्या समाजांनी पिढ्यान् पिढ्या जीव लावला. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले, मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी त्यांतले मासे आणि वनस्पती ओळखल्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीची (तलावाच्या बांधाची) आणि पाटाची देखभाल गावाच्या हातून सुटली. अर्जुनी मोरगावकडे ढिवर सोसायट्या आणि महिला गटांनी मनीष राजनकर यांच्या फीड संस्थेसोबत पाणवनस्पती पुन्हा लावून तलाव सुधारले आहेत. खाली लिहितोय ती पद्धत त्याच धर्तीची.

बेशरम. कापून काही होत नाही, बुंध्यातून दुप्पट फुटवा येतो. जमीन ओलसर असताना, म्हणजे पाणी मागे हटत जातं त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मुळासकट उपटा. एप्रिलमध्ये चिखल दगडासारखा होतो आणि मुळं आतच तुटतात. खोडाचा वीतभर तुकडाही ओल्या मातीत मुळं धरतो, म्हणून उपटलेला माल पाळीवर किंवा कडेला टाकू नका. वरच्या कोरड्या जागी नेऊन पूर्ण वाळवा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शेळ्यांना तिथे फिरकू देऊ नका. एका वर्षात बेशरम जात नाही. पुढची दोन वर्षं पावसाळ्यानंतर फेरी मारून रोपं उपटावीच लागतात. हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं काम अंदाजपत्रकात धरलं जात नाही आणि मग सगळी मेहनत वाया जाते. मजुरी आधीच राखून ठेवा.

वनस्पती. उन्हाळ्यात मोकळी झालेली कड एकदा नांगरून घ्या. पाऊस लागून कडेला फूट-दीड फूट पाणी साचलं की लावणी. पूर्ण बुडून राहणारी हायड्रिला, सिरॅटोफायलम आणि लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया. पानं तरंगणारी कुमुदाच्या जातीची निम्फॉइडिस. कडेच्या उथळ पाण्यात देवधान आणि लव्हाळ्यासारखी इलिओकॅरिस. जवळच्या चांगल्या तलावातून आणा, पण जलकुंभीचं एक पानही सोबत येऊ देऊ नका, टोपलीतच निवडून घ्या. पाच-सहा काड्यांची जुडी करून बुडाला चिकणमातीचा गोळा लावायचा आणि पायानं चिखलात दाबायची. नुसती पाण्यात सोडली तर वाऱ्यानं एका कोपऱ्यात जमा होते. जुड्यांत हातभर अंतर. १८ हेक्टरवर एकदम पसरू नका, येव्याच्या बाजूला, म्हणजे पाणी तलावात येतं तिकडे, दोन-तीन पट्टे घ्या. तिथे पाणी उथळ असतं आणि चढणारे मासेही तिकडेच जातात.

लावलेल्या जागी पहिला पावसाळा गुरं आणि म्हशी बसू देऊ नका. बांबूचं साधं कुंपण पुरतं.

कोणते मासे सोडू नयेत. गवत्या मासा (ग्रास कार्प) ही सगळी लागवड फस्त करतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) चिखल उकरून मुळं उपटतो आणि पाणी गढूळ करतो. मग ऊन तळाशी पोचत नाही आणि बुडीत वनस्पती मरते. बंदी असलेला थाई मागूर तर कुठल्याही भावात नको. चिलापी एकदा आली की पूर्ण काढता येत नाही, पण दाट वनस्पती आणि मरळ-शिवड्यासारखे शिकारी मासे असले तर तिची पिलं आटोक्यात राहतात.

गाळ काढायचा असेल तर तलावाचा एक तृतीयांश भाग, शक्यतो येव्याकडचा, हात न लावता सोडा. पाणवनस्पतींचं बी आणि कंद त्याच थरात असतात. आणि खोदताना मुरूम दिसला की थांबा. तळाची चिकणमाती फुटली तर तलाव जानेवारीतच कोरडा पडतो.

---

बांधी_बोडी

खोलीकरणाबद्दल. त्याला सरसकट विरोध करू नका, विहिरींना पाणी हवंच आहे. पण जेसीबीनं नाला एकसारखा, दोन काठ तासून, गटारासारखा केला तर उन्हाळ्यात मासा जगायला डोह उरत नाही. मुळं गेल्यानं काठ ढासळतात आणि निघालेली माती पहिल्या पावसात परत नाल्यात येते. वर दिलेला सगळा दगडी उतार त्या गाळाखाली जाईल.

कंत्राटदाराला काम देण्यापूर्वी ग्रामसभेच्या ठरावात हे घाला. नैसर्गिक नाल्यात डोह साधारण रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर येतात, तुमच्या ६ मीटर नाल्यात ३० ते ४० मीटरवर. म्हणून खोदाई सलग नको, त्या अंतरावर डोहच करायचे. डोह वळणाच्या बाहेरच्या बाजूला घ्या, दीड मीटरपर्यंत खोल, वरच्या-खालच्या टोकाला तीनाला एक असा सौम्य उतार. मधला उथळ, गोट्यांचा पट्टा आहे तसाच राहील. झाडांचा काठ तोडायचा नाही. करंज, जांभूळ, उंबर यांची मुळं पाण्यात लोंबतात त्या जागा आधी चुन्यानं खुणा करून राखून ठेवा. यंत्र एकाच काठानं चालवा. माती काठापासून किमान ५ मीटर दूर टाका किंवा थेट शेतात न्या.

आणि गाळ वरूनच कमी करायचा. टेकडीवरून येणाऱ्या ओघळींत अनगड दगडी बांध घाला. उंची ७५ सेंटीमीटर, मधला भाग बाजूंपेक्षा २० ते ३० सेंटीमीटर खाली, दोन्ही काठांत अर्धा मीटर घुसवलेले. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत आले पाहिजेत, म्हणजे शंभराला पाच उतारावर १५ मीटरला एक. मध्य उंच आणि बाजू खाली राहिल्या तर पाणी काठ कापून बाजूनं निघतं आणि होता त्याहून जास्त गाळ खाली येतो. हे काम रोजगार हमीत सहज बसतं.

बांध्यांचं एक राहिलं. फवारणी झाल्यावर बांधीचं पाणी लगेच नाल्यात सोडू नका. तणनाशकातला ब्युटाक्लोर आणि किडीसाठीची सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना फार घातक आहेत. ती नेमकी रोवणीच्या काळात पडतात आणि तेव्हाच पिलं उथळ पाण्यात असतात. लेबलवर दिलेले दिवस पाणी बांधीतच राहू द्या. पंप नाल्यात धुण्याची सवय तर आधी बंद करा.

---

सिपनाकाठ

मेळघाटातून एक मुद्दा. वर महसीरचं आलंच आहे. सिपना, खापरासारख्या नद्यांत त्याला गोट्यांचा, वाहत्या पाण्याचा तळ लागतो. तिथे अनगड बांधांचं काम जवळजवळ सॅमनच्या ओढ्यांसारखंच, गाळ खडीत बसू नये यासाठी असतं. मुख्य पात्रातली वाळू-गोटे उचलणं थांबलं नाही तर बाकी कशाचाच उपयोग नाही. तुमच्या नाल्यात वाळू उपसा होत असेल तर उताराच्या खालच्या १०० मीटरमध्ये तो पूर्ण बंद ठेवा. तिथला तळ अर्धा मीटर जरी खचला तरी तुमच्या उताराखाली नवीन पड तयार होते.

---

पाणलोट_नोंदवही

कागदांचं थोडक्यात. बंधारा ज्या विभागाचा असेल त्यांची लेखी परवानगी घ्या. भिंत कापत नाही, साठा कमी होत नाही, हे नकाशावर दाखवलं की बोलणं सोपं होतं. तलावावर वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा मंजूर असेल तर मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवरचा हक्क कलम ३(१)(घ) मध्येच आहे. सुरुंग आणि विष टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. महाराष्ट्रात आता त्याच्या जागी १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे, गावात पाटी लावताना तो लिहा.

पण कागदाहून मोठं काम सोसायटीशी बोलण्याचं आहे. भिंतीखाली जमलेले मासे हे ढिवर कुटुंबांचं पावसाळ्यातलं उत्पन्न असतं. ते थांबवा म्हणण्याआधी त्या दिवसांची मजुरी उताराच्या आणि लागवडीच्या कामातून मिळेल असं बांधून द्या. मनाई सगळ्या नाल्याला नको. मोरी, दोन्ही बंधारे आणि सलंग यांच्या वर-खाली ५० मीटर, पहिल्या पुरापासून पोळ्यापर्यंत, एवढंच ठेवा. पाळता येईल एवढंच ठरवलं की ते पाळलं जातं.

परतीचंही बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी उतरताना पिलं खाली येतात. उताराच्या मधल्या खोलगट भागात तोवर पाणी राहिलं पाहिजे. जवळ कोल्हापुरी बंधारा असेल तर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकताना एका गाळ्यातले वरचे दोन बरगे ऑक्टोबरअखेरपर्यंत काढून ठेवा आणि पाणी कोरड्या फरशीवर आदळणार नाही असा फूटभर खळगा खाली करा.

---

चुलबंदकाठ

सोसायटीशी बोलणं झालं. ५० मीटरला ते तयार आहेत. एकच अडचण: सोडलेलं बीज वाहून जाऊ नये म्हणून सलंगीवर दरवर्षी जुलैपासून बारीक जाळी लावतात. ती काढली तर त्यांचं नुकसान, ठेवली तर वर येणारा मासा तिथेच अडणार.

---

तुडूम

जाळी काढायला लावू नका, बीज सोडायची वेळ बदला. जुलैत बोटाएवढंही नसलेलं बीज सोडलं जातं, म्हणून एवढी बारीक जाळी लागते. ती पालापाचोळ्यानं बुजते, पाणी तुंबतं आणि पाळीवर ताण येतो. त्याऐवजी बीज बोडीत (लहान तळ्यात) किंवा तलावाच्या कडेला हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, ८० ते १०० मिमीपर्यंत वाढवा आणि सलंग वाहायची थांबली की तलावात सोडा. बहुतेक वर्षी ते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येतं. तोवर सलंग पूर्ण उघडी राहील. मोठं बीज शिकारी माशांपासूनही जास्त वाचतं, तेव्हा संख्या थोडी कमी सोडली तरी चालतं.

पाऊस लांबला आणि सलंग पुन्हा चालू झाली तर जाळीऐवजी बांबूच्या उभ्या काड्यांचा ताटवा लावा, दोन काड्यांत १५ मिमी फट, आणि एका काठाला तळाशी वीतभर रुंद जागा मोकळी सोडा. वाढलेलं रोहू-कतला सहसा वरच्या-मधल्या पाण्यात असतं. वाम आणि मागूर तळानं येतात, ते त्या जागेतून निघतील. काही बीज जाईलच, ते हिशोबात धरा. ताटवा सकाळ-संध्याकाळ झाडायला माणूस ठरवून द्या. आणि सलंगीचं पाणी नाल्यात उतरतं तिथे पड किती आहे ते मोजून इथे लिहा, म्हणजे तिथे किती पायऱ्या लागतील ते सांगता येईल.